तट्टुकळीचा ठोका

कुंभकोणमहून तंजावरच्या रस्त्याला लागले की सहा-सात किलोमीटरवर तिरुवलंचुळी लागते. स्वामीमलैच्या मुरुगनाला निघालेले भाविक आधी इथे त्याच्या थोरल्या भावापुढे थांबतात. हा गणपती पांढराशुभ्र आहे आणि चणीने अगदी लहान. समुद्रमंथनाच्या वेळी देवांनी समुद्राच्या फेसाची मूर्ती केली, ती हीच, असे इथे मानतात. फेसाच्या देवाला पाण्याचा अभिषेक कसा घालणार? म्हणून त्याच्यावर दूध नाही, पाणी नाही, नुसती भीमसेनी कापराची पूड. समोर दगडात कोरलेली जाळीची खिडकी आहे. तिच्यापुढून माझा पाय निघेना.

गावाच्या नावात नदी आहे. वलम् म्हणजे उजवीकडे, चुळि म्हणजे भोवरा किंवा वळण. कावेरी इथे उजवीकडे वळते. स्थळपुराण असे सांगते की, एकदा वाहती कावेरी इथल्या एका विवरात शिरली आणि दिसेनाशी झाली. चोळ राजा हवालदिल झाला. तेव्हा हेरंड नावाचे ऋषी त्या विवरात उतरले. नदी पुन्हा वर आली, उजवीकडे वळून वाहू लागली. ऋषी मात्र वर आले नाहीत.

ही कथा माझ्या मनातून गेली नाही, कारण मी या मुलखात आले होते तीच प्रवाहाखाली राहिलेल्या माणसांच्या शोधात. भरतनाट्यमच्या मैफलीत नर्तकीच्या बाजूला बसून हातातल्या लहानशा झांजांवर ताल धरणारा आणि 'तकिट तकदिमि' असे बोल खणखणीत आवाजात म्हणणारा जो माणूस असतो, तो नट्टुवनार. त्याच्या कामाला म्हणतात नट्टुवांगम. तिरुवलंचुळीला उभे राहून चारी दिशांना पाहिले की या माणसांचा नकाशाच उलगडतो. पश्चिमेला तंजावर. पूर्वेला कुंभकोणमच्या पलीकडे तिरुविडैमरुदूर. ईशान्येकडे पंदनल्लूर. आणखी पुढे, मयिलाडुदुरैच्या बाजूला, वळुवूर. भरतनाट्यम शिकलेल्या कोणालाही विचारा. ही गावांची नावे तिला आधी ठाऊक असतात ती बाण्यांची नावे म्हणून. पंदनल्लूर बाणी, वळुवूर बाणी. गायकीची घराणी ग्वाल्हेर-आग्रा अशा शहरांवरून ओळखली जातात, तशी नाचाची ही घराणी भातशेतांमधल्या खेड्यांवरून.

दादरला लहानपणी मी सहा वर्षे भरतनाट्यम शिकले. पुढे सोडले. पावले विसरले, पण एक आवाज राहिला आहे. आमचे मास्टर मांडी घालून बसत. पुढ्यात लाकडाचा ठोकळा, हातात आखूड दांडका. त्या दांडक्याला तट्टुकळी म्हणतात. तो ठोकळ्यावर आपटत ते 'तै या तै' म्हणत आणि आम्ही बारा मुली फरशीवर पाय मारत असू. ते एकदा म्हणत मंद लयीत, मग दुपटीत, मग चौपटीत. चौपटीला आमची त्रेधा उडे. मास्टरांचा ठोका मात्र घड्याळासारखा. तेव्हा वाटायचे, नाचतोय ते आम्ही, हे नुसते बसलेत. नट्टुवनार काय करतो हे कळायला मला नाच सुटून वीस वर्षे जावी लागली.

तो काय करतो? त्याच्या हातातल्या दोन झांजा एका धातूच्या नसतात. एक काशाची, दुसरी लोखंडाची किंवा पोलादाची. त्यामुळे एक घाव खुला वाजतो, घुमत राहतो. दुसरा दाबून बंद करता येतो. या दोन आवाजांत तो नर्तकीच्या पायांचा प्रत्येक आघात पकडतो. ताल मृदंगावर चालूच असतो. नट्टुवनार तालाच्या पोटातला पदन्यास वाजवतो. त्याच वेळी तोंडाने सोल्लुकट्टू म्हणजे बोलांच्या लडी चालू असतात. तीन मात्रांचा तकिट, चारांचा तकदिमि, पाचांचा तकतकिट, सातांचा तकिटतकदिमि, नवांचा तकदिमितकतकिट. या पाच तुकड्यांची उलटसुलट जुळणी करत तो जती बांधतो आणि शेवटी तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर आणून ठेवतो. त्याला तीर्मानम् म्हणतात. वर्णम् हा भरतनाट्यमचा सर्वांत मोठा, अर्धा-पाऊण तास चालणारा प्रकार. त्याच्या सुरुवातीला तीन लयींतली जती येते. तिथे एका श्वासाची जागा चुकली तर नर्तकीचा पाय हवेत राहतो.

कथकच्या पढंतीशी याचे नाते आहे, पण कथकमध्ये नाचणारी व्यक्ती स्वतः पुढे येऊन बोल म्हणून दाखवते. भरतनाट्यममध्ये नर्तकीचा श्वास आणि बोलणाऱ्याचा श्वास दोन वेगळ्या देहांत असतात. चांगला नट्टुवनार तिच्या खांद्यांकडे पाहून ओळखतो की आज दम कमी आहे. मग लय केसभर उतरते आणि सभागृहात कोणालाच ते कळत नाही. जती जोरात सुरू असताना ती एखादा तुकडा विसरली तर बोल असे फिरतात की चूक ही रचनाच वाटावी.

जगात दुसरीकडेही नाचणाऱ्याला आवाजाने चालवणारी माणसे आहेत. अमेरिकेत स्क्वेअर डान्स म्हणून लोकनृत्याचा एक प्रकार आहे. चार जोडपी चौकोन करून उभी राहतात आणि माईकपाशी उभा असलेला 'कॉलर' पुढची चाल पुकारतो. पाठीला पाठ लावून फिरा, डावा हात द्या, जोडीने चालू लागा. पुकारायचे कितीतरी शब्द जुन्या फ्रेंच नाचांमधून आलेले आहेत. नाचणाऱ्यांना पुढची हाक कोणती हे माहीत नसते, गंमत त्यातच असते. मोटारवाल्या हेन्री फोर्डने १९२०च्या दशकात हे जुने नाच पुन्हा रुजवण्यासाठी पदरचा पैसा घातला. १९७४ साली या पुकारणाऱ्यांनी 'कॉलरलॅब' नावाची स्वतःची संघटना काढली. आपल्याकडे लेझमीच्या आखाड्यात शिट्टी फुंकून हात बदलायला लावणारा म्होरक्या असतो, तो याचा जवळचा भाऊ. अमेरिकेतल्या नाचाच्या जाहिरातीत कॉलरचे नाव ठळक असते, कारण लोक त्याचा आवाज ऐकायला म्हणूनच येतात. हे मी मुद्दाम सांगते आहे. आपल्याकडच्या निमंत्रणपत्रिकांविषयी मला बोलायचे आहे, पण त्याआधी तंजावरला जायला हवे.

१६७०च्या दशकात शिवाजी महाराजांचे सावत्रभाऊ व्यंकोजी तंजावरच्या गादीवर बसले आणि १८५५पर्यंत कावेरीच्या खोऱ्यात भोसल्यांचे राज्य राहिले. हे आपल्याला शाळेत एका ओळीत शिकवले जाते. पण आज पुण्यात, ठाण्यात किंवा न्यू जर्सीत एखाद्या मराठी मुलीचे अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचे पहिले पदार्पण, होते तेव्हा अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना हा जो क्रम असतो, तो या मराठी दरबाराच्या छायेत बसला. तो बसवणारे चार भाऊ नट्टुवनार होते. चिन्नय्या १८०२चा, पोन्नय्या १८०४चा, शिवानंदम् १८०८चा आणि वडिवेलू १८१०चा. वडील सुब्बरायनही नट्टुवनारच. मुलांनी मुत्तुस्वामी दीक्षितरांकडे गाणे शिकले आणि दुसऱ्या सरफोजीराजांच्या पदरी नाचाला नवी शिस्त लावली. पुढे भाऊ पांगले. चिन्नय्या म्हैसूरला गेला, वडिवेलू त्रावणकोरला स्वाति तिरुनाळ महाराजांकडे. व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुजवणाऱ्यांत वडिवेलूचे नाव आहे. १८३४ साली महाराजांनी त्याला हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले. पस्तिशीतच तो गेला.

सरफोजीराजे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) आपल्याला सरस्वती महाल ग्रंथालयामुळे माहीत असतात. त्यांनी मराठीत नृत्यरचना केल्या हे फार थोड्यांना माहीत असते. त्यांना निरूपणे म्हणतात. एका निरूपणात अठरा प्रकार, सगळे एकाच कथेवर, एकाच रागात, एकाच तालात ओवलेले. म्हणून त्या माळेला कोर्वै म्हणजे ओवणी. सरस्वती महालाने १९५८ साली हा संग्रह छापला त्याचे नाव 'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस'. जिन्नस! वाण्याच्या यादीतला शब्द नाचाच्या ग्रंथाला. आत प्रकारांची नावे पाहा: जयजय, शेर्व, अलरू, सोल्लु, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना, जक्किणी, त्रिपुट, कवुत, मंगळ. 'सोल्लु' हा तमिळ शब्द, नट्टुवनारच्या तोंडचा. भोवतीचे साहित्य मराठी. एकाच माळेत दोन्ही मणी.

छापून आले तरी महाराष्ट्राला त्याची खबर नव्हती. ती आणली आचार्य पार्वतीकुमार यांनी. मालवणकडचा हा माणूस (१९२१–२०१२) मुंबईत नाच शिकला, नृत्यनाट्ये बसवली आणि मग आयुष्याची बरीच वर्षे सरफोजींच्या या रचना कागदावरून पायांवर आणण्यात घातली. साहित्य होते, पण ते कसे नाचायचे हे सांगणारा कोणी उरला नव्हता. बोल नव्याने बांधायचे, अडवू म्हणजे पावलांचे मूळ तुकडे निवडायचे, मराठी शब्दाला हात शोधायचे. 'तंजावर नृत्य प्रबंध' हे त्यांचे पुस्तक आणि १९६८ साली काढलेली 'तंजावूर नृत्य शाळा' ही त्या कष्टाची फळे. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर पुढे तंजावरला गेल्या, किट्टप्पा पिळ्ळै (१९१३–१९९९) यांच्याकडे. किट्टप्पा त्या चार भावांच्याच वंशातले, आणि आईकडून पंदनल्लूरच्या मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांचे नातू. म्हणजे मराठी राजाची मराठी रचना, तिच्यासाठी झटणारा मालवणी गुरू, आणि त्याची पुण्याची शिष्या तमिळ नट्टुवनारच्या दारात. दीडशे वर्षांनी धागा पुन्हा जुळला.

पण पार्वतीकुमार स्वतः शिकले कोणाकडे? इथे तिरुविडैमरुदूरला जावे लागते.

तिरुविडैमरुदूरचे महालिंगस्वामीचे देऊळ प्रचंड आहे. तिथे हातात दिवा धरून उभी असलेली एक धातूची मुलगी आहे. तंजावरच्या मराठा राजकुळातल्या अम्मणी नावाच्या मुलीने आपल्याला हवा तो नवरा मिळावा म्हणून लक्ष दिवे लावण्याचा नवस केला. तो पुरा झाल्यावर त्या लक्षातला एक दिवा तिने स्वतःच्या रूपात घडवून देवापुढे कायमचा उभा केला. आपल्या भाषेतली ही मुलगी नट्टुवनारांच्या गावी उभी आहे.

या गावात पंचापकेश नट्टुवनार (१८४२–१९०२) होऊन गेले. दरबारांत मान मिळवलेले, 'अभिनय नवनीतम्' या ग्रंथाचे कर्ते. त्यांचा मुलगा कुप्पय्या १८८७चा. वडील गेले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. ज्या जगात त्याने झांजा हातात घेतल्या ते जग देवळाचे, जमीनदारांच्या लग्नांचे आणि 'चिन्न मेळम्' म्हणजे नाचाच्या लहान ताफ्याचे होते. तेव्हा नट्टुवनार बसत नसे. तो नर्तकीच्या मागे उभा राही, ती पुढे सरकली की हाही सरके, बोल म्हणत, झांजा वाजवत. मृदंगवाला मृदंग कमरेला बांधून त्याच्या शेजारी. पुढे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या काळात हा सगळा ताफा रंगमंचाच्या एका कडेला सतरंजीवर बसला.

कुप्पय्या पिळ्ळै यांच्या डोळ्यांदेखत ते जग मोडले. देवदासी प्रथेविरुद्धचा मुंबई इलाख्याचा कायदा १९३४चा, मद्रासचा १९४७चा. देवळातला नाच बंद झाला, जमीनदारांचे आश्रय आटले, आणि तोच नाच 'भरतनाट्यम' या नावाने शहरातल्या सभागृहांत आला. १९४५ साली कुप्पय्या पिळ्ळै यांनी मुंबईत, माटुंग्याला, श्री राजराजेश्वरी भरतनाट्य कला मंदिर उभे केले. सोबत मुलगा महालिंगम्, जावई गोविंदराज. मुलगी करुणांबाळ याही पुढे गुरू झाल्या. धाकटे कल्याणसुंदरम् (जन्म १९३२) यांनी ती परंपरा पुढे नेली. माटुंगा म्हणजे तेव्हा रेल्वेत आणि कचेऱ्यांत नोकरीला आलेल्या तमिळ कुटुंबांची वस्ती. पण या घराच्या उंबऱ्यावर मराठी, गुजराती, सिंधी मुलीही आल्या. कथकमध्ये नाव कमावलेल्या दमयंती जोशी इथल्या पहिल्या शिष्यांपैकी, महालिंगम् पिळ्ळै यांच्या हाताखालच्या. आणि पार्वतीकुमारही महालिंगम् पिळ्ळै यांच्याकडेच शिकले. सरफोजींचे मराठी शब्द पुन्हा नाचू लागले ते तिरुविडैमरुदूरच्या ठोक्यावर. मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासात या घराला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कुप्पय्या पिळ्ळै १९८१ साली गेले. चौऱ्याण्णव वर्षांच्या आयुष्यात हा माणूस देवळाच्या पलित्यांपासून मुंबईच्या सभागृहातल्या माईकपर्यंत आला.

तंजावरचा ठोका त्याच्याही आधी मराठी दरबारात पोचला होता. कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले, तंजावरी मराठी घरातले सर टी. माधवराव बडोद्याचे दिवाण होते, त्याच काळात, १८८० साली तंजावरची राजकन्या लक्ष्मीबाई सयाजीराव महाराजांची राणी होऊन आली. तिच्यामागे तंजावरचा नाचही बडोद्याला आला. गौराबाई आणि कांतिमती या नर्तकी, नट्टुवनार, वादक. कांतिमतींचे पती कुप्पुस्वामी नट्टुवनार होते. त्यांचा मुलगा कुबेरनाथ बडोद्याच्या विद्यापीठात पिढ्यांना शिकवत राहिला, आणि आडनाव लावले तंजोरकर. नगरकर, सातारकर यांच्या पंगतीत बसणारे आडनाव. एका तमिळ नट्टुवनाराच्या घराने मराठी रीतीने आपले गाव नावाला जोडून घेतले, याने मला आतून हलवले.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे लिहिणे प्रामाणिक होणार नाही. नट्टुवनार पुरुष होते. कायदे आले, समाजाची नजर बदलली, तेव्हा त्यांना नवी शिष्यमंडळी मिळाली: ब्राह्मण मुली, शहरी मुली, पुढे नटी. त्यांच्याच घरांतल्या, त्यांच्याच इसै वेळ्ळाळर समाजातल्या ज्या बायकांनी हा नाच शतकानुशतके अंगावर वागवला, त्यांना मात्र रंगमंच बंद झाला. बालसरस्वती (१९१८–१९८४) टिकल्या. सातव्या वर्षी कांचीपुरमला त्यांचे अरंगेत्रम झाले. त्यांचे गुरू कंदप्पा पिळ्ळै त्या चार भावांच्याच वंशातले, आणि शिष्येकडून एकेक पाऊल अचूक येईपर्यंत न सोडणारे. पण एक बालसरस्वती टिकली म्हणून बाकीच्यांचे नुकसान भरून निघत नाही. ज्यांना बोल पाठ होते आणि ज्यांना ते म्हणायला कोणी बोलावले नाही, अशा स्त्रियांची यादी कोणी केलेली नाही. झांजा बाईच्या हातात यायला वेळ लागला. वळुवूर रामय्या पिळ्ळै यांच्या शिष्या के. जे. सरसा यांनी मद्रासमध्ये नट्टुवनार म्हणून जागा मिळवली, तेव्हा ते नवलाचे होते. जयललिता त्यांच्याच शिष्या. आज महाराष्ट्रात नट्टुवांगम करणाऱ्यांत बहुसंख्य बायका आहेत, आणि त्यांच्यापैकी कित्येकींचे बोल ऐकताना अंगावर काटा येतो.

दुसरीकडे, अनेक कार्यक्रमांत झांजा ऐकू येतात त्या ध्वनिमुद्रित. ते समजण्यासारखे आहे. गायक, मृदंग, व्हायोलिन, बासरी, नट्टुवनार, सगळ्यांचे मानधन, प्रवास, सराव, हा खर्च मध्यमवर्गीय घराला झेपत नाही. पण ध्वनिफितीला नर्तकीचे खांदे दिसत नाहीत. तिचा दम कमी पडला तरी लय तीच राहते. मग नर्तकी फितीच्या मागे धावते आणि नाचातला तो दोघांमधला संवाद संपतो. मी अशा एका अरंगेत्रमला गेले होते, जिथे तिसऱ्या रचनेत फीत मध्येच अडकली. मुलगी थबकली. विंगेतून तिच्या गुरुबाई बाहेर आल्या, उभ्याउभ्याच टाळी देत बोल म्हणू लागल्या आणि मुलीने ती जती पुरी केली. त्या संध्याकाळी सगळ्यांत मोठी टाळी त्या तीन मिनिटांना मिळाली.

त्याच कार्यक्रमाची आठ पानी, गुळगुळीत कागदाची पत्रिका माझ्याकडे अजून आहे. तीत प्रमुख पाहुणे आहेत, पुरस्कर्ते आहेत, वेशभूषा, रंगभूषा, प्रकाशयोजना, छायाचित्रण, केटरिंगसुद्धा आहे. त्या फितीत ज्याने किंवा जिने बोल म्हटले त्या व्यक्तीचे नाव कुठेही नाही.

तिरुवलंचुळीच्या देवळातून निघाले तेव्हा दुपार होती, ओसरीत सावली होती आणि नदीकडून वारा येत होता. त्या विवरात उतरलेल्या ऋषींचे नाव तरी या गावाने जपून ठेवले आहे.

येत्या हिवाळ्यात पुन्हा अरंगेत्रमांचा हंगाम सुरू होईल. तुमच्या घरात किंवा नात्यात असा कार्यक्रम असेल तर एवढे करा. पत्रिकेत नर्तकीच्या नावाखालची पहिली ओळ नट्टुवांगम करणाऱ्याला द्या, आवाज ध्वनिमुद्रित असला तरीही. आणि कार्यक्रम संपल्यावर सगळे फुले घेऊन मुलीकडे धावतील, तेव्हा तुम्ही आधी कडेच्या सतरंजीकडे जा.